फी माफ झाली, वाट राहिली

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांचा मथळा ठरलेला असतो: ‘यंदाही मुलींचीच बाजी’. २०२४ साली राज्यातल्या ९७.२१ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलगे ९४.५६ टक्के, २०२५ साली मुली ९६.१४ आणि मुलगे ९२.३१. शेजारच्या स्तंभात एखाद्या शेतमजुराच्या लेकीचा फोटो असतो, आई पेढा भरवते आहे, आणि खाली ‘गरिबीवर मात’ अशी ओळ. यात खोटे काही नाही. पण ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. आठवीत किंवा नववीत जिचे नाव पटावरून गेले, ती नापास मुलींत धरली जात नाही आणि पास मुलींतही नाही. तिची मोजदाद वेगळ्या कागदांवर सापडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी दहा किंवा अधिक वर्षे शाळा शिकलेल्या ५०.४ टक्के निघाल्या. यात जुन्या पिढ्याही आल्या, हे मान्य. पण त्याच पाहणीत २० ते २४ वयाच्या, म्हणजे अगदी कालपरवा शाळेच्या वयात असलेल्या मुलींपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होते, बीडमध्ये ४४च्या आसपास. निकालाचा मथळा आणि हे आकडे एकाच राज्याचे आहेत. पहिल्याच्या आनंदात दुसऱ्याचा विसर पडतो, कारण मधली गळती निकालाआधीच होऊन गेलेली असते.

ही गळती गरिबीमुळे होते असे सगळेच म्हणतात. प्रश्न आहे तो गरिबी म्हणजे नेमका कोणता खर्च, हा. सरकारने त्याचे उत्तर पूर्वीपासून ‘फी’ असे दिले आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर महाराष्ट्राने मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत केले. त्या काळी हा मोठाच निर्णय होता आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. जुलै २०२४ मध्ये त्याच वाटेने पुढे जाऊन आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्कही माफ झाले. फी माफ करणे सरकारला सोपे जाते. संस्था आणि शासन यांच्यातला तो कागदोपत्री व्यवहार आहे, गावात कोणाला काही हलवावे लागत नाही. पण खेड्यातल्या मुलीच्या शाळेचा मोठा खर्च फी हा कधीच नव्हता. तिच्या घराला महाग पडते ते शाळेपर्यंतचे अंतर, तिच्या हातांनी घरात होणारे काम, आणि ‘पोरगी मोठी झाली’ या वाक्यात दडलेली भीती. हे तिन्ही खर्च साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी एकदम चढतात. नेमक्या त्याच वळणावर सरकार हात आखडता घेते. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत, मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत, गणवेशही आठवीपर्यंत. जून महिन्यात आठवीची मुलगी नववीत गेली की दुपारची खिचडी, पुस्तकांचा संच, गणवेश आणि कायद्याचे संरक्षण ही चारही एकाच दिवशी संपतात. फी तेवढी माफ राहते.

अंतराचा हिशेब आधी पाहू, कारण त्याबद्दलचा पुरावा सर्वांत पक्का आहे. जिल्हा परिषदेची शाळा गावात असते ती चौथीपर्यंत, फार तर सातवी-आठवीपर्यंत. हायस्कूल असते ते बाजाराच्या गावी, बहुतेक वेळा एखाद्या खासगी संस्थेचे. २००९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असावी असा दंडक घातला. नकाशावर पाच किलोमीटर ही काही मोठी गोष्ट नव्हे. पावसाळ्यात ओढा भरल्यावर, किंवा डिसेंबरात संध्याकाळी सहाला अंधार पडल्यावर ते अंतर वेगळे असते. १९९०च्या दशकात महाराष्ट्राने अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने पाचवी ते दहावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास दिला, पुढे तो बारावीपर्यंत वाढवला. ही राज्याची सर्वांत शहाणी योजना म्हणावी लागेल, पण पास म्हणजे गाडी नव्हे. शाळा सुटते पाचला. साडेपाचची गाडी ‘तोट्यात’ म्हणून बंद झालेली असते, किंवा आज ड्रायव्हर नाही म्हणून रद्द असते, आणि त्यानंतर येते ती थेट मुक्कामी. वाडीपर्यंत गाडी जात नसेल तर फाट्यावर उतरून पुढचे दोन किलोमीटर पायी. अशा वेळापत्रकावर बापाने मुलीला पाठवायचे की नाही हे ठरवायला त्याला कोणत्याही समाजशास्त्राची गरज पडत नाही. मानव विकास कार्यक्रमाने १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी खास निळ्या बस सुरू केल्या, शाळेच्या वेळेला बांधलेल्या. जिथे त्या नियमित धावतात तिथे प्रश्नाचे अर्धे ओझे उतरते. पण राज्यात साडेतीनशेहून अधिक तालुके आहेत, आणि वाडी-तांड्यावर राहणारी मुलगी आपला तालुका यादीत आहे की नाही हे पाहून जन्माला येत नाही.

गाडी बंद पडली तर काय होते, हे राज्याने एकदा धडधडीत पाहिले. कोरोनानंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रामीण शाळा पुन्हा भरू लागल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला, तो चालला एप्रिल २०२२ पर्यंत. दीड वर्ष फोनच्या पडद्यावर शाळा झाली होती. त्यातही फोन बहुतेक घरांत एकच आणि तो भावाच्या किंवा बापाच्या हातात. (‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२३ च्या फेरीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे.) अशा मुलींना शाळेचे दार उघडले तेव्हा तिथवर जाणारी गाडी नव्हती. मुलगे कोणाच्या तरी दुचाकीमागे बसून, वडाप (प्रवासी जीप) धरून गेले. मुलीला ओळखी-अनोळखीच्या दुचाकीवर बसता येत नाही आणि वडापला रोजचे पैसे लागतात. संपाच्या बाजू-विरोधात तेव्हा भरपूर लिहिले गेले, पण या सहा महिन्यांत किती मुलींचा पास कपाटात कायमचा राहिला याची चर्चा झाली नाही.

उलट दिशेचा पुरावा बिहारमधला आहे. २००६ साली तिथल्या सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून त्याचा अभ्यास केला. मुलींची माध्यमिक शाळेतली योग्य वयातली नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली होती आणि मुलगा-मुलगी यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली होती. त्यातली बोलकी गोष्ट अशी की हा फरक प्रामुख्याने शाळा तीन किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या गावांत पडला. अंतर हाच अडसर होता, तो हलवल्यावर मुली पुढे गेल्या. महाराष्ट्रातही मानव विकासच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. पण नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात सायकल कुठे चालवणार? तिथे उपाय वेगळा लागतो, आणि तो म्हणजे राहण्याची सोय.

हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. गरिबाच्या पोराला फीपेक्षा भाकरी आणि छप्पर लागते, हे या मंडळींनी ओळखले होते आणि बहुजनांची एक अख्खी पिढी त्यावर शिकली. ती पिढी मुख्यतः मुलग्यांची होती. मुलींसाठी त्याच हिंमतीने तितकी वसतिगृहे पुढे कोणी उभी केली नाहीत.

कामाचा हिशेब सर्वांत उघडा दिसतो तो ऊसतोडीत. दसरा-दिवाळीनंतर बीड, परभणी, जालना, अहिल्यानगर भागातून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलात परततात. मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती एकट्याला नाही, कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जानेवारी २०२४ मधल्या करारानुसार तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एका कोयत्याने दिवसभर राबून दोन टन तोडला तरी दोघांचे मिळून सातशे तीसच्या आसपास होतात, आणि हे पैसे आधीच घेतलेल्या उचलीत वळते होत असतात. आता तेरा वर्षांच्या मुलीकडे या हिशेबातून पाहा. ती कोपीत (झोपडीत) थांबून स्वयंपाक करते, पाणी भरते, धाकट्याला सांभाळते म्हणून आई पहाटे उसाच्या फडात जाऊ शकते. तिला गावी ठेवायची तर आजीकडे, आणि आजी नसेल तर कोणाकडे? शाळेत ती राहावी म्हणून सरकारने काय देऊ केले होते? आठवी ते दहावीच्या मागासवर्गीय मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती बरीच वर्षे महिना शंभर रुपये, तेही वर्षातले दहा महिने, आणि ७५ टक्के उपस्थितीची अट घालून. वर्षाचे हजार रुपये, म्हणजे एका कोयत्याची दीड दिवसाची मजुरी. आणि अट तीच, जी फडावर गेलेली मुलगी पुरी करूच शकत नाही. शिवाय जोडीला जोडी लागते म्हणून ऊसतोडीच्या भागात लग्नही लवकर होते. नव्या कोयत्याला उचल मिळते, पोरीची जबाबदारी जाते. बीडचा ४४ टक्क्यांचा आकडा केवळ ‘अज्ञाना’तून आलेला नाही, या जमाखर्चातून आलेला आहे.

त्यावर उपाय सुचलेच नाहीत असे नाही. साखरशाळा झाल्या, गावात हंगामी वसतिगृहे झाली. पण हंगामी वसतिगृह म्हणजे अनेकदा गावातल्याच एखाद्या घरी जेवणाची सोय. मुलीच्या बाबतीत रात्रीचा प्रश्न तसाच राहतो. २०२१ साली राज्याने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर केली, निम्मी मुलींची. दिशा बरोबर आहे, आकार पाहा. एका तालुक्याला मुलींचे एक, शंभर जणींचे. एकट्या बीड जिल्ह्यातून किती कोयते जातात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला शंभर या संख्येचे मोल सांगायला नको.

या मांडणीवर पहिला आक्षेप येतो तो आकड्यांचाच. मुलींची पटनोंदणी झपाट्याने वाढली आहे, मग एवढा आरडाओरडा कशाला? ‘असर’नुसार ग्रामीण भारतात १५-१६ वयाच्या शाळेबाहेरच्या मुलींचे प्रमाण २०१८ साली १३.५ टक्के होते, २०२२ साली ७.९ वर आले. ही खरी प्रगती आहे. मात्र पटावर नाव असणे आणि वर्गात असणे यात अंतर असते, आणि वर्गात असणे व शिकणे यात त्याहून जास्त. ‘असर’च्याच २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींपैकी तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागता येणारे ४३ टक्केच निघाले, चौथा हिस्सा आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूरही नीट वाचू शकत नव्हता. चौदाव्या वर्षी शाळेबाहेर ३.९ टक्के, अठराव्या वर्षी ३२.६ टक्के. म्हणजे चाळणीची भोके खालच्या इयत्तांत बुजली आणि वर सरकली. आठवीपर्यंत ढकलत आलेली मुलगी नववीत गणितावर अडते. दहावीचा निकाल चकचकीत दिसावा म्हणून नववीत कच्च्या मुलांना गाळण्याची काही शाळांची खोड जुनीच आहे. मुलगा नापास झाला तर पुन्हा त्याच वर्गात बसतो किंवा बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरतो. मुलगी नापास झाली की ‘आता बास’ म्हणतात, आणि त्या उन्हाळ्यात स्थळे पाहायला सुरुवात होते. सतरा नंबरचा फॉर्म तिलाही उपलब्ध आहे. तो भरण्यासाठी तालुक्याला घेऊन जाणारे कोणी लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा पैशाचा प्रश्न नाही, मानसिकतेचा आहे, असे म्हणणारे लोक कामातले, अनुभवी असतात. त्यांच्या बाजूने पश्चिम बंगालचे उदाहरण देता येते. तिथल्या सरकारने २०१३ पासून ‘कन्याश्री’ योजना राबवली: अविवाहित आणि शिकत असलेल्या मुलीला दरवर्षी थोडी रक्कम, अठरा पूर्ण झाल्यावर एकरकमी २५ हजार. २०१७ साली तिला संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कारही मिळाला. तरी कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या, दोन्ही फेऱ्यांत त्या राज्यातले बालविवाहाचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वरच राहिले. यावरून पैसे देऊन काही होत नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. निघतो तो इतकाच की शेवटी हातात पडणारी रक्कम बापाची रोजची भीती कमी करत नाही. मुलगी सोळाची झाली, संध्याकाळी सहाला एकटी फाट्यावर उतरते, गावात चार तोंडे बोलतात. वय वाढले की हुंडा वाढतो, शिकली की शिकलेला नवरा शोधावा लागतो आणि त्याचा भाव आणखी मोठा. या भीतीला दोन वर्षांनंतरच्या २५ हजारांचे उत्तर पुरत नाही. बिहारमध्येही २००६ साली बापांची मानसिकता एका रात्रीत बदललेली नव्हती. गावातल्या दहा-पंधरा मुली एकाच वेळी सायकलवर निघाल्या, एकत्र गेल्या, एकत्र आल्या, म्हणून भीती कमी झाली. ज्याला आपण मानसिकता म्हणतो ती पुष्कळदा सोयीच्या अभावाची सवय असते. हुंडा आणि जातीची प्रतिष्ठा यांच्यापुढे मात्र बस आणि सायकल हरते, हेही सांगितले पाहिजे. सुखवस्तू घरांतही अठराच्या आत लग्ने होतात. तिथे कायदाच लागतो. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली आपल्याकडे गावात जबाबदार अधिकारी ग्रामसेवक आहे, आणि ज्यांच्या मांडवात जाऊन त्याने लग्न थांबवायचे त्याच पुढाऱ्यांबरोबर त्याला उरलेले वर्ष काढायचे असते.

वसतिगृहे म्हटली की तिसरा आक्षेप येतो तो सुरक्षिततेचा, आणि तो टाळण्याजोगा नाही. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत दीड दशकात हजाराहून अधिक मुले दगावल्याचे चौकशीतून पुढे आले. २०१६ साली बुलडाणा जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराने राज्य हादरले. साप चावल्यावर, ताप चढल्यावर रात्री दवाखान्यात न्यायला वाहन नाही, मुलींच्या वसतिगृहाला महिला अधीक्षक नाही, संडासाला कडी नाही, अशा तक्रारी वर्षानुवर्षे त्याच आहेत. पण याचा अर्थ वसतिगृह नको असा होत नाही. स्वस्तातले वसतिगृह नको, इतकाच होतो. मुलीला घरापासून दूर ठेवायचे तर कायम नेमणुकीची महिला अधीक्षक, रात्रीची नर्स, आठवड्याला पालकांशी बोलणे आणि गावच्या बायकांची देखरेख समिती यांवर खर्च करावाच लागेल. तो खर्च ‘आनुषंगिक’ या शीर्षाखाली कापला जातो, आणि नेमका तोच पालकाला विश्वास देणारा असतो.

अंतराचा प्रश्न असा उभा असताना शाळा आणखी दूर नेण्याचे प्रस्ताव पुढे येतात. वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा राज्यात होत्या. त्यांची मुले एकत्र आणून ‘समूह शाळा’ काढण्याच्या सूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाल्या. तोरणमाळ आणि पानशेत इथल्या समूह शाळांचे दाखले दिले गेले. दहा मुलांच्या शाळेत एकट्या शिक्षकाने चार इयत्ता शिकवण्यात गुणवत्ता टिकत नाही, हे खरेच आहे. पण अंतर तिप्पट करणाऱ्या योजनेत वाहनाची हमी निर्णयाच्या पहिल्या ओळीत हवी. मुलगा तेवढे अंतर कसेबसे काटेल. पहिली गळेल ती मुलगी, आणि ती पाचवीतच गळेल.

शिकून तरी पुढे काय, नोकऱ्या कुठे आहेत, असेही विचारले जाते. मुलग्यांबद्दल हा प्रश्न कोणी विचारत नाही, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर असे की बारावी झालेली मुलगी अंगणवाडी सेविका, आशा, पोलीस भरती, नर्सिंग, बचत गटाचा हिशेब यांपैकी कशाच्या तरी दारात उभी राहू शकते. सातवीवाल्या मुलीला यातले एकही दार उघडे नाही.

राहतो तो पैसा कुठे ठेवायचा हा प्रश्न, आणि इथे ताजे उदाहरण हाताशी आहे. १ एप्रिल २०२३ नंतर पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरांत जन्मलेल्या मुलींसाठी राज्याने ‘लेक लाडकी’ योजना आणली. जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार, एकूण १ लाख १ हजार. रक्कम लहान नाही. वाटणी मात्र चुकलेली आहे. पाऊण लाख हाती येतो तो नेमक्या लग्नाच्या कायदेशीर वयाला, त्यामुळे त्याचा हुंडा किंवा मांडवखर्च होण्याची भीती उघड आहे. आणि सातवी, आठवी, नववी, दहावी या चार वर्षांच्या वाट्याला, जिथे फाटा, फड आणि स्थळ तिघेही तिला शाळेबाहेर ओढत असतात, एक रुपयाही येत नाही. अकरावीचे ८ हजार मिळायला आधी ती अकरावीपर्यंत पोचायला हवी. शेवटच्या ७५ हजारांतले निम्मे काढून नववी आणि दहावीच्या महिन्यांवर वाटले, आणि तेवढीच तरतूद बस व वसतिगृहाच्या अधीक्षकेसाठी बांधून ठेवली, तर हीच योजना खऱ्या कामाला येईल. तिच्यातली पहिली मुलगी सहावीत जाईल ती २०३४ च्या जूनमध्ये. म्हणजे चूक दुरुस्त करायला अजून पुरेसा वेळ आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही; एक सुधारित शासन निर्णय पुरतो. आपल्या आमदाराला निवडणुकीआधी विचारायचा प्रश्न हाच आहे.